धोंडूमामांचे तीन दगड

"पोरी, त्या जागेचं काय?"

धोंडूमामा मरगळेंचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. हॅलो नाही, कशी आहेस नाही, पाऊसपाण्याची चौकशी नाही. महिन्यातून एकदा तरी फोन यायचाच, आणि तो नेमका मी मीटिंगमध्ये असताना. मी खाली मान घालून कुजबुजायची, "मामा, अजून काही कळलं नाही." पलीकडून "बरं" आणि फोन बंद.

ती जागा होती मंगोलियात. आणि विचारणारा माणूस उभा असायचा मुळशी तालुक्यात, कोळवणच्या वरच्या अंगाला धनगरवस्तीवर. घरात रेंज नसल्यामुळे मामा टेकाडावर चढून फोन करायचे. त्यामुळे त्यांच्या आवाजापेक्षा वारा जास्त ऐकू यायचा आणि मधूनमधून एखादी शेळी. शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा मला विचारलंही, "तुमचे घरचे गावाकडे असतात का?" मी हो म्हणून टाकलं.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहावं असं कित्येकदा मनात आलं आणि दर वेळी वाटलं, आपण कोण लिहिणारे? मी इंजिनिअर बाई. मूळची नांदेडकडची, बावधनला फ्लॅट घेऊन पुणेकर झालेली. सरकारी तेल कंपनीत आहे, आणि जमिनीखालच्या पाइपलाइनी कुठे गंजतात ते शोधणं हे माझं काम. मामा त्याच कंपनीत लाइनवॉकर होते. म्हणजे काय, तर पाइपलाइन जमिनीखालून जाते आणि तिच्यावरून रोज एक माणूस चालत जातो. कुणी खणत नाही ना, कुणी भिंत बांधत नाही ना, गवत मध्येच करपलं नाही ना, एवढं बघत जायचं. आमच्याकडे उपग्रहाचे फोटो आहेत, ड्रोन आहेत, कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदे आहेत. तरी हा चालणारा माणूस लागतोच.

नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी मला आठवडाभर मामांबरोबर लाइनीवर धाडलं. मी नवे बूट घालून गेले होते. मामांच्या पायात टायरच्या वहाणा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी तेव्हा पंचविशीची, ते पन्नाशीच्या पुढचे. दुपारपर्यंत माझी दमछाक झाली आणि मामा आपले शेळ्यांमागे निघाल्यासारखे चाललेले. मध्येच थांबले, पायानं माती दाबली आणि म्हणाले, "हितं कुनीतरी खांदून परत बुजवलंय." मला काहीच दिसेना. "कशावरून?" म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की ही शेळी आहे हे कशावरून. दोन दिवसांनी तिथे शेतकऱ्यानं विहिरीच्या मोटारीची केबल पुरल्याचं निघालं.

संशयाची जागा सापडली की मामा तिथे तीन दगड मांडायचे. दोन खाली, एक वर. खणणारी टोळी येऊन काम आटोपून गेली की ते तिन्ही दगड स्वतः उचलून बाजूला टाकायचे. "काम झाल्यावर खूण ठिवू नये," म्हणायचे, "पुढच्याचं डोस्कं फिरतं." ऑफिसात यावरून त्यांची थट्टा व्हायची. मार्कर आहेत, झेंडे आहेत, रंगाचे डबे आहेत, आणि मरगळे दगड मांडतात! मामा हसायचे. झेंडे पोरं पळवतात, दगड कोण पळवणार?

त्यांची नोंदवही हा आणखी एक प्रकार. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मात्र ठसठशीत. कंपनीला हवं असायचं 'निरीक्षण: सर्व सुरळीत'. मामा लिहायचे, 'नाल्यापर्यंत बरं हाय. नाल्यापुढं करवंदं पिकलीत. भरे गावाच्या बाजूला एका साहेबानं लाइनीवर झोपाळा टांगलाय, उद्या बोलतो.'

त्या झोपाळ्याच्या वेळी मी बरोबर होते. आयटीतला कुणी गृहस्थ, नवं फार्महाउस, हिरवळ, आणि हिरवळीच्या मधोमध सिमेंटचे खांब रोवून झोपाळा. खाली आमची पाइपलाइन. गृहस्थांनी मामांची घोंगडी बघितली आणि हिंदीत सुरू झाले, "काका, ये प्रायव्हेट प्रॉपर्टी है." मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायेब, मराठीत बोला की. तुमी नगरकडचे दिसताय." गृहस्थ खरोखरच नगरकडचे निघाले! मग मामांनी काठीनं हिरवळीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "हिच्या खाली तेल हाय. झोपाळा चार हात तिकडं घ्या, मी सोता खांब धरतो." आणि खरंच धरले. पुढे दर दिवाळीला त्या घरून मामांना फराळाचा डबा यायचा, आणि चकली कडक झाली असेल तर मामा तसं तोंडावर सांगायचे.

मंगोलियाचं असं झालं की तिथल्या सरकारबरोबर भागीदारीत आमच्या कंपनीनं पाइपलाइनचं काम घेतलं. तेलाच्या विहिरी एकीकडे, रिफायनरी दुसरीकडे, आणि मध्ये नुसतं माळरान. वस्ती कुठली, तर मेंढपाळांचे गोल तंबू. त्या मेंढपाळांतूनच लाइनवॉकर तयार करायचं ठरलं. त्यांना शिकवणार कोण? दिल्लीच्या एका साहेबांना सुचलं, की धनगरांना धनगरच पाठवा. सरकारी खात्यात इतकी शहाणी गोष्ट मी दुसऱ्यांदा ऐकली नाही. मामांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. मी आधीच तिकडच्या यादीत होते, तेव्हा पासपोर्टपासून सगळं माझ्या गळ्यात पडलं.

बायजामामींना सांगायला मी वस्तीवर गेले होते. मामींनी सगळं ऐकलं, भाकरी उलटली आणि नवऱ्याला विचारलं, "तितं काय करत्यात लोकं?"

"मेंढरं राखत्यात."

"मंग हितली काय वाईट व्हती?"

एवढं बोलून त्यांनी नाचणीचं पीठ आणि लसणाची चटणी बांधायला घेतली.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच दिवशी फजिती. मेंढपाळ शिकायला आले ते घोड्यावरून. ओयुना नावाची आमची दुभाषी होती, दिल्लीत शिकलेली, फर्मास हिंदी बोलायची. तिनं मामांचं म्हणणं सांगितलं, की रोज अमुक इतकं चालायचं. सगळे खो खो हसले. चालायचं? घोडा असताना? त्यांच्याकडे पायी फिरतो तो ज्याचा घोडा मेला तो. मामा म्हणाले, "घोड्यावरनं लांबचं दिसतं. मला पायाखालचं पायजे." ओयुनानं ते सांगितलं, ते परत हसले. शेवटी मामा पायी आणि बाकीचे घोड्यावर अशी वरात निघाली. हे लोक वाटेतल्या प्रत्येक तंबूत चहाला थांबायचे, तेव्हा मुक्कामाला आधी पोचायचे ते मामाच! पंधरा दिवसांनी बघते तर दोघं-तिघं घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालतायत आणि वाकून माती बघतायत. मामांनी मला डोळा मारला.

भाषेचं त्यांचं काही अडलं नाही. मराठीतच बोलायचे, अगदी हातवाऱ्यांसकट. एका चढाखाली झरा होता आणि झऱ्याजवळ एका म्हातारीच्या कुटुंबाचं हिवाळ्यातलं ठाणं. आसपासच्या चार घरांची जनावरं त्याच झऱ्यावर. म्हातारी मामांना वाळवलेलं दही द्यायची, दगडासारखं टणक. मामा ते चघळत तिच्या मेंढ्यांच्या शेपट्यांना नावं ठेवायचे, ती यांच्या वहाणांना. तासन्‌तास चालायचं. ओयुना म्हणायची, "मॅडम, मेरी यहाँ ज़रूरत ही नहीं है."

आणि त्याच चढावर ती जागा झाली.

पाइप चरात उतरवला की आधी बारीक माती टाकायची, मग वरून दगडगोट्यांची भर. पाइपवर गंज लागू नये म्हणून आवरण असतं, त्याला टोकदार दगडानं जखम झाली की पुढं कधीतरी पाइप तिथं सडतो. हा नियम सगळ्यांना पाठ. पण थंडी तोंडावर आली होती, जमीन गोठायच्या आत काम उरकायचं होतं, आणि यंत्रवाल्यानं एके ठिकाणी बारीक माती न टाकताच यंत्राची दगडगोट्यांनी भरलेली बादली उपडी केली. मामा लांब होते. त्यांनी आवाज ऐकला. धावत गेले तोवर वर माती पडून सपाट झालेलं.

"मोठा धोंडा व्हता. पाइपाला लागला. मी ऐकलंय," ते मला म्हणाले.

यंत्रवाला म्हणाला, असं काही झालं नाही. मुकादम म्हणाला, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. उघडून बघायचं तर प्रोजेक्ट मॅनेजरची परवानगी हवी आणि ते राजधानीला गेलेले. त्या माळावर एक जागा दुसरीसारखीच दिसते. तेव्हा मामांनी सवयीप्रमाणे तिथे तीन दगड मांडले आणि आम्ही दुसऱ्या कँपला गेलो.

अठरा दिवसांनी परत आलो तर चढावर कमरेइतकी दगडांची रास. वर निळी कापडं फडफडतायत, भोवती दूध शिंपडलेलं, वर कुणी गोळ्या-बिस्किटं ठेवलेली. त्या लोकांत रीत अशी, की चढावर कुणी दगड रचलेले दिसले की जाणाऱ्या-येणाऱ्यानं आपला एक दगड वर ठेवायचा, तीन फेऱ्या घालायच्या आणि पुढं जायचं. तिथं देव राहतो. मग खाली खणायचं नाही.

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा! मला कळाया पायजे व्हतं. आमच्याकडं शेंदूर फासाया येळ लागतो व्हय? तितं निळं कापड, येवढाच फरक!"

मॅनेजर परत आले होते. खणायची परवानगीही द्यायला तयार होते. पण म्हातारी राशीपुढं येऊन उभी राहिली. ओयुनानं तिला समजावलं, की खाली पाइपला जखम असेल, तेल झिरपून तुझ्याच झऱ्यात उतरेल. म्हातारी म्हणाली, लामाला बोलवा, तो विधी करेल, मग रास हलवू. लामा येणार उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यापर्यंत लाइन भरून सुरू होणार. एकदा तेल वाहू लागलं की नुसत्या संशयावरून कुणी ती उघडू देत नाही.

मॅनेजर काही वाईट माणूस नव्हता, पण घाईतला होता. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "मरगळे, दगड तुम्हीच मांडले ना? मग तुम्हीच काढा. उद्या सगळे बाजाराला जाणार आहेत, कुणी बघणार नाही."

मामा म्हणाले, "मी तीनच ठिवले व्हते सायेब. बाकीचे माझे न्हाईत."

"अहो, झऱ्याचं काय मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळभर मामा राशीभोवती फिरत होते. झरा खाली दिसत होता, त्यावर मेंढ्या पाणी पीत होत्या. मला वाटलं, काढतील आता. मला तर वाटत होतं, काढावेतच. चार घरांचं पाणी मोठं की दगडांची रास? मी तसं बोललेही, आणि जरा तावातच. मामा म्हणाले, "पोरी, तू म्हंतीस ते खरं हाय. पन माज्या हातानं व्हायाचं न्हाई. त्यांनी इश्वासानं ठिवलेत." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग उरला एकच उपाय. न खणता जमिनीवरून यंत्र फिरवून आवरणाची तपासणी करायची. ती माझी जबाबदारी. जमीन कोरडी, खडकाळ, आकडे धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. वरिष्ठांकडून विचारणा झाली, दोष सिद्ध होतो का? मी लिहिलं, सिद्ध होत नाही. आणि सही केली. खोटं काही लिहिलं नव्हतं, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आठवड्यात जमीन गोठली. कुदळ मारली तर ठिणगी उडायची.

मामा परत आले आणि महिन्याभरात निवृत्त झाले. निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं, मरगळेंनी परदेशात देवस्थान उभारलं. सगळे हसले, मामाही हसले. शाल अंगावर, नारळ हातात, जिन्यात मला गाठून विचारलं, "त्या जागेचं कवा कळंल?"

मी सांगितलं, काही वर्षांनी पाइपच्या आतून एक यंत्र सोडतात. ते तेलाबरोबर वाहत जातं आणि आतून सगळीकडची जाडी, खड्डे, गंज मोजत जातं. आमच्या धंद्यात त्याला पिग म्हणतात. मामांनी त्याचं सरळ डुक्कर करून टाकलं. त्यानंतर फोनवर दोन प्रश्न झाले. त्या जागेचं काय, आणि डुक्कर सोडलं का. मीटिंगमध्ये "नाही, अजून डुक्कर सोडलं नाही" हे हळू आवाजात म्हणून बघा एकदा!

मला तेव्हा वाटायचं, मामांना आपण बरोबर होतो हे सिद्ध करायचंय. माणसाला वाटतंच. आयुष्यभर ज्याच्या पायाला मातीतलं कळलं, त्याला मुकादमानं बहिरा म्हटलं. लाइनीचं काही ऐकलं की मामी चिडायच्या. "परवा ताटावरनं उठले," मला सांगत होत्या, "म्हनं पान्याला वास येतोय. हितल्या पान्याला! आवं, झरा तिकडं, वास हितं कसा येईल?" मामा घोंगडीचे धागे ओढत होते.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत अहवाल आला. मी आधी तोच किलोमीटर उघडला. मग मागचा आणि पुढचा बघितला. मग तिकडच्या माणसाला फोन करून पुन्हा ताडून घेतलं. पाइप स्वच्छ होता. खड्डा नाही, ओरखडा नाही, गंज नाही. धोंडा असलाच तर बाजूला घसरून पडला असणार.

खरं सांगते, माझा पाय उचलेना. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीनं ते झुरले ती मुळात नव्हतीच, हे म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं? आणि सांगणार कोण, तर जिनं सही केली तीच. रविवारी गाडी काढली. पौडच्या पुढे सहलीवाल्यांच्या जीपगाड्यांमागे अडकत अडकत कोळवणला पोचले, तिथून पायी वर.

मामा बांधावर उभे होते, मामी खाली खाचरात कापत होत्या. मला बघून मामा म्हणाले, "डुक्कर सोडलं?"

"सोडलं मामा."

मीच पुढं म्हटलं, "तिथं काही नाही निघालं. पाइप साफ आहे."

"कुटलं बघितलंस? झऱ्याच्या वरचं का पल्याडच्या चढाचं?"

"झऱ्याच्या वरचं. मागचं-पुढचंही बघितलं."

"डुक्कर चुकत न्हाई?"

"एवढं नाही चुकत. धोंडा लागला असता तर दिसलाच असता."

"मंजी मी चुकलो?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार होते. "चुकलो," ते म्हणाले, "पोरी, मी चुकलो. लई बरं झालं गं! म्हातारीच्या पान्याला काय झालं न्हाई." आणि ते चक्क रडायला लागले, लहान मुलासारखे, हसत हसत.

इतकी वर्षं मी या माणसाला ओळखलंच नव्हतं. त्यांना बरोबर ठरायचं नव्हतंच कधी. रोज सकाळी उठून ते चूक ठरायची वाट बघत होते. मलाही मग आवरेना.

मामांनी टोपीनं डोळे पुसले, खाचराकडे वळले आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं ए! मी चुकलो गं!"

मामींनी विळा थांबवला नाही. मानही वर केली नाही. "मंग वरडताय कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यात नवं काय हाय?"

चहा झाला, निघाले. उतारावरच्या वळणावरून मागे बघितलं. मामा बांधाबांधानं शेजारच्या खाचराकडे निघाले होते आणि तिथल्या माणसाला लांबूनच हात करून सांगत होते. त्या माणसाला मंगोलिया कुठे आहे हेही ठाऊक नसेल. वाऱ्यावर तेवढं ऐकू आलं, "आरं, चुकलो की मी!"

मामांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.